अलोऱ्याची शाळा आणि दोन रकाने

दादाने वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे काँक्रीट लिहिलं, उजवीकडे ॲबस्ट्रॅक्ट, आणि वही माझ्याकडे सरकवली.

"ही वीस नावं. कुठलं कुठल्या रकान्यात जातं ते लिही."

"काँक्रीट म्हणजे आमच्या हायवेवर वर्षानुवर्षं ओततायत तेच ना?"

"बाय, वहीत बघ."

माझा थोरला भाऊ जन्मभर इंग्रजीचा मास्तर होता. रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात नोकरी केली, तिथूनच रिटायर झाला, वहिनी गेल्यापासून दोन खोल्यांत एकटा राहतो. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, तेव्हा छप्पन्न वर्षांची. हातखंब्याच्या फाट्यावर माझं सुक्या मासळीचं दुकान आहे. गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या थांबतात, बोंबील, सोडे, जवळा घेतात, घासाघीस करायला बघतात आणि माझे दोन शब्द ऐकून पुढे जातात. सुरुवातीला मी रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसायचे. आता स्लॅबची जागा आहे, स्वतःची. त्यात कोणाचा हात लागलेला नाही, हे इथेच सांगून ठेवते.

त्या वर्षी मी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. ज्यांची शाळा सुटली त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचं, तो फॉर्म. नवरा म्हणाला, "आता सर्टिफिकेट घेऊन कुठं कामाला जाणार तू?" तो जन्मभर जहाजावर होता, आता घरी असतो आणि टीव्ही बघतो. त्याला मी काय समजावणार? मला नोकरी नको होती. मला बाकावर बसायचं होतं. खडूने नंबर लिहिलेला बाक, समोर पालथा ठेवलेला पेपर, भिंतीवरचं घड्याळ, आणि घंटा झाली की सगळ्यांबरोबर माझीही मान खाली. बोंबील निवडताना, गिऱ्हाइकाशी भांडताना, पोराबाळांना न्हाऊ घालताना मी हे इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलं आहे की कधी कधी वाटतं, मी तिथे जाऊन आलेली आहे.

बाकीचे विषय माझे मी वाचले. इंग्रजी अडलं, म्हणून दादाकडे गेले. आमचं बोलणं लग्नकार्यापुरतं आणि मयतापुरतं. दारात उभी राहूनच म्हटलं, "माझी शाळा तू शिकलास. आता मला शिकव."

तो खाली बघत राहिला, चप्पल शोधत असल्यासारखा. मग म्हणाला, "रोज एक तास. आणि गृहपाठ करायचा."

"रोज नाय जमणार. बुधवार, रविवार. दोन-दोन तास."

"मग गृहपाठ दुप्पट."

"दीडपट."

"आणि चुकलीस तर मी ओरडणार."

"ओरडायचं नाय."

"मग तू पण नाय."

ही अट मला जड जाणार होती, पण कबूल केली.

माझी शाळा तो शिकला, असं मी का म्हणते ते सांगायला हवं. हर्णेला बंदराजवळ आमचं घर. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. आई संध्याकाळच्या लिलावात मासळी घ्यायची आणि सकाळी टोपली घेऊन गावं फिरायची. मी सातवी पास झाले, त्या उन्हाळ्याच्या अखेरीला अलोऱ्याहून मामा आला. तो कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत नोकरीला होता. तिथे चांगली शाळा होती, पक्क्या भिंतींची, प्रत्येक वर्गाला वेगळा मास्तर. मामा बाबांना म्हणाला, "दोघांना पाठवा. माझ्याकडे राहतील, मला जड नाय." मी पडवीत कोळंबी सोलत होते आणि मान वर न करता सगळं ऐकत होते. बाबांनी दादाला विचारलं, "तुला काय वाटतं? हिला न्यायची?"

चौदा वर्षांचा दादा म्हणाला, "तिला नको. ती आयेला लागते."

बाबांनी मान हलवली आणि विषय संपला. जूनमध्ये दादा अलोऱ्याला गेला आणि मी राहिले. अलोरे मी पुढे कधी बघितलं नाही. चिपळूणला दहादा गेले, पण तिकडची गाडी धरली नाही. तरी ती शाळा मला पाठ आहे, कारण सुट्टीत आल्यावर दादा तिचं वर्णन करायचा आणि मी ऐकत नाही असं दाखवत ऐकायचे.

तर त्या बुधवारी दादाने मला दोन प्रकारची नामं ओळखायला शिकवलं. "पाच दारं आहेत असं धर," तो म्हणाला. "डोळे, कान, नाक, जीभ, कातडी. नाव ज्या वस्तूचं आहे ती यातल्या एका दारातून जरी आत आली, तरी काँक्रीट. एकातूनही येत नाय, नुसती मनाला कळते, ती ॲबस्ट्रॅक्ट."

"म्हणजे आपलं भाववाचक नाम. गोडी, शौर्य, चांगुलपणा. सातवीत गुरुजींनी शिकवलेलं."

"अजून लक्षात आहे तुला?"

"मी काहीच विसरत नाय."

"ते माहीत आहे," तो म्हणाला.

शिकवायला तो चांगला होता, हे नाकारत नाही. फिश, सॉल्ट, बोट, स्मोक मी भराभर डावीकडे लिहिली. विंडपाशी अडले. वारा दिसत नाही. पण तोंडावर लागतो, म्हणून डावीकडे. दादा खूश झाला. म्हणाला, इथे माझी निम्मी पोरं चुकायची. होप, फ्रीडम, ऑनेस्टी उजवीकडे गेली. अँगर मी डावीकडे लिहिलं आणि त्याने भुवई उचलली.

"राग दिसतो," मी म्हटलं. "ऐकू पण येतो. माझ्या गिऱ्हाइकांना विचार."

"दिसतो तो लाल झालेला चेहरा. ऐकू येतो तो आवाज. चेहरा काँक्रीट, आवाज काँक्रीट. राग त्यांच्या मागे असतो, तो कोणाला दिसत नाय."

मला पटलं. असं नीट सांगितलेलं पटतं मला. खोडून उजवीकडे लिहिलं. हंगरवरून थोडी झटापट झाली. पोटात कळ येते ती कातडीच्या आतून येत असली तरी येतेच की, असं माझं म्हणणं. त्याने कबूल केलं की काही नावं कुंपणावर बसतात, परीक्षेत ती उजवीकडे लिहावीत. मी वीसची वीस पुरी करून वही त्याच्यापुढे ठेवली. तो लाल पेनाने बरोबरच्या खुणा करत खाली आला आणि थांबला.

"प्राइस डावीकडे का?"

"हाताला लागते."

"हाताला नोट लागते. नोट काँक्रीट. किंमत म्हणजे माणसांच्या मनातली गोष्ट. ती कशी हाताला लागेल?"

"माझ्या लागते."

त्याने पेन टेकवला, पण काट मारली नाही. माझ्याकडे बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं. मी काय म्हणत होते ते सगळ्या रत्नागिरी जिल्ह्यात त्या एकाच माणसाला कळण्यासारखं होतं.

मी सातवीत होते त्या हिवाळ्यात तापाने आईचे कान गेले होते. अगदी जवळ ओरडलं तर एका कानाने थोडं यायचं. लिलावाच्या गलक्यात काहीच नाही. होड्या आल्या की वाळूवर मासळीचे ढीग लागायचे, पुकारणारा एका ढिगावरून दुसऱ्याकडे जायचा, भोवती बायकांचं कडं, आणि आकडे असे चढायचे की ज्याला ऐकू येत नाही त्याने तिथे उभंच राहू नये. आई तरी उभी राहायची, कारण मी तिच्या मागे असायचे. तिचा डावा हात पाठीशी, पदराखाली, माझ्या उजव्या हातात. अख्खा पंजा दाबला की शंभर. एकेक बोट म्हणजे दहा. अंगठ्याचं नख टेकवलं की समोरची दमली, एक पायरी चढ आणि घे. पकड सैल केली की सोडून दे. आई समोर बघत बोली करायची आणि नवख्या व्यापाऱ्यांना वाटायचं, हिचे कान तिखट आहेत. बारा वर्षांची होते तेव्हापासून लग्न होईपर्यंत मी रोज संध्याकाळी किंमत आईच्या हातात लिहिली आहे. तिच्या मनातला आकडाही मला तिच्या बोटांतून कळायचा, ती बोलायच्या आधी. ती कुठवर जाणार, कुठे कचरणार, सगळं.

माणसाचा चेहरा वाचायला मी तिथे शिकले. पुढे त्यावरच दुकान उभं केलं. पण सांगायचं ते दुसरंच आहे. आईने मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही, आमच्याकडे तशी रीत नव्हती. पण कधी कधी लिलाव संपल्यावर ती हात लगेच सोडायची नाही. टोपल्या भरायच्या असायच्या, घाई असायची, तरी हात तसाच ठेवून समुद्राकडे बघत राहायची. खरखरीत, ओला, नखांत खवले अडकलेला हात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तरी बाजारात, देवळात, बँकेच्या रांगेत पुढे एखादी बाई पाठमोरी उभी असली की माझा उजवा हात आपणहून पुढे जातो आणि मला तो परत घ्यावा लागतो.

दादा टोपण लावलेला पेन बोटांत फिरवत होता. म्हणाला, "ती खूण तुझ्या आधी मला शिकवली होती."

"काय?"

"तू आजोळी गेली होतीस त्या मे महिन्यात. आठ दिवस मी उभा होतो आयेच्या मागे."

मला हे चव्वेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

"मला गलका सहन व्हायचा नाय," तो म्हणाला. "आकडा ऐकू यायचा, पण बोट दाबेस्तोवर पुढे गेलेला असायचा. हाताला घाम सुटायचा. आठव्या दिवशी बांगड्याचा ढीग होता. वरचा चांगला, खालचा नरम. पकड सैल करायची सोडून मी घाबरून पंजा दाबला. आये चढली. ढीग आमच्या गळ्यात पडला. बायका हसल्या."

"आये काय बोलली?"

"काय नाय. माझ्या हातातून हात काढला आणि लुगड्याला पुसला." त्याने पेन खाली ठेवला. "दुसऱ्या दिवशी तुला आणायला माणूस गेला. मग मामा आला. मला शाळेत पाठवलं म्हणतात सगळे. मला काढून टाकलं होतं, बाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. इतकी वर्षं मी ज्याच्यावर दात धरून होते, तो माझ्याचसमोर बसून स्वतःसाठी रडत होता.

"चांगलं काढून टाकलं तुला!" मी म्हटलं. "मला पण असंच काढून टाकायला हवं होतं कोणी तरी! पक्क्या भिंतींच्या शाळेत!"

"ओरडायचं नाय ठरलंय."

"ठरलंय तर ठरलंय! मामा दोघांना न्यायला तयार होता की नव्हता? बाबांनी तुला विचारलं की नाय? मी पडवीतच होते, दादा. तेवढं बोल. आयेच्या हाताचं मला नको सांगू."

त्याने पेन उचलला आणि टोपण घट्ट केलं. मी वही उचलली, चपला पायात सरकवल्या आणि निघाले.

पुढचा रविवार गेले नाही. बुधवारही नाही. त्यानंतरचेही दोन वार सोडले. दुकानात बसून वही उघडायचे आणि मिटायचे. मला एक गोष्ट टोचत होती आणि ती मी कोणाशी बोलू शकत नव्हते. अलोऱ्याला गेले असते तर आईचा हात मला मिळाला नसता. दोन्हींतलं एकच मिळणार होतं. आता कोणी समोर ठेवून विचारलं, यातलं कुठलं घेतेस, तर मला सांगता येणार नाही. मी, जी दोन सुरमयांतली चांगली लांबून ओळखते. कधी शाळा हवीशी वाटते. कधी आईने सोडायला उशीर केलेला तो हात. पण एवढा मोठा सौदा झाला आणि त्यात मला कोणी भाव विचारला नाही. हे मला काही केल्या गिळता येत नव्हतं. आयुष्यात पुढे मी प्रत्येकाशी प्रत्येक गोष्टीसाठी झगडले. तिथे झगडायला मला उभंच केलं नाही.

मग एका दुपारी दादा एसटीने हातखंब्याला आला. दुकान घातल्यापासून त्याने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. मी समजून होते, मास्तरांना वास सोसत नसेल. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. माझ्याशी न बोलता तो टांगलेल्या बोंबलांखाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसला. समोर गिऱ्हाईक होतं, पुण्याच्या गाडीतून उतरलेली, गॉगल डोक्यावर चढवलेली बाई.

"मावशी, पाव किलोचे एवढे? मागच्या वेळी आम्ही कितीतरी कमीत घेतले."

"ज्याच्याकडे घेतलेत त्याच्याकडे जा. गाडी वळवायला जागा आहे."

"अहो, असं काय बोलता गिऱ्हाइकाशी? कुठल्या शाळेत शिकलात हो हे?"

"ती सातवीनंतर शाळेत गेली नाही," दादा स्टुलावरून म्हणाला. "तिच्या वाटची मी गेलो."

बाईने त्याच्याकडे बघितलं. मीही.

"आमचा मामा दोघांना न्यायला तयार होता," दादा त्या बाईला सांगू लागला, जणू ती तेच विचारायला पुण्याहून आली होती. "वडलांनी मला विचारलं. मी नको म्हणालो. आईला ती लागते, असं म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण त्यासाठी मी म्हणालो नव्हतो. आईने हिचा हात धरला होता आणि माझा सोडला होता. मला वाटलं, आता बस तिथेच. मासळीत. चौदा वर्षांचा होतो, पण मला कळत होतं मी काय करतोय ते."

"अहो काका, मी बोंबलांचं विचारत होते," बाई म्हणाली. मग तिने मी सांगितलेल्या भावाने पाव किलो घेतले, सुट्टे पैसेही मागितले नाहीत आणि गाडीत जाऊन काच वर केली.

मी तराजूशी उभी राहिले. मला वाटत आलं होतं की दादा आईच्या काळजीने तसं बोलला, असंच शेवटपर्यंत म्हणत राहील आणि मी शेवटपर्यंत मानणार नाही. निदान मामाच्या घरात असेल ती एक खाट स्वतःला हवी होती म्हणून बोलला असेल, इथवर माझी तयारी होती. हे त्याहून वाईट होतं. आणि तरी अंगातून काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्याने ते माझ्याकडे बघून सांगितलं असतं तर मी मध्येच तोडलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

"हे आयेला का नाय सांगितलंस? ती होती तोवर?"

"तिला ऐकू कुठं येत होतं?"

"हातावर सांगायचं."

"हात तिने परत कुठं दिला मला," तो म्हणाला. मग त्याने मान वर करून टांगलेल्या बोंबलांकडे बघितलं. "कॉलनीत पहिल्या आठवड्यात पोरं म्हणाली, तुझ्या दप्तराला वास येतो. तेव्हापासून सुकं खाल्लं नाय मी. तुझ्या वहिनीला पण करू दिलं नाय. कितीदा इच्छा झाली."

मी दोन बोंबील काढले, गॅसच्या शेगडीवर भाजले, कागदावर ठेवून त्याच्यापुढे सारले. हे मी मायेने केलं असं कोणी समजू नये. दुपारची वेळ होती, तो उपाशी आला होता. त्याने तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिला. हायवेवरून ट्रक जात होते. त्याचा पांढरा शर्ट धुळीने भरत होता.

"सांग," शेवटी तो म्हणाला. "माझ्याकडून काय पाहिजे तुला? मागशील ते."

समोरचा असं म्हणाला की माझ्या तोंडात आकडा तयार असतो, आणि खरा पाहिजे असतो त्याहून वरचा. त्या दिवशी नव्हता. जे पाहिजे होतं ते त्याच्याजवळ नव्हतं. बारा वर्षांची मी, कॉलनीतल्या शाळेच्या पायरीवर, आणि त्याच संध्याकाळी हर्णेच्या वाळूवर आईच्या मागे उभी, ही दोन्ही एकाच दिवसात बसवून देणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

"मार्चमध्ये पेपर आहेत," मी म्हटलं. "पोरांना सोडायला त्यांची माणसं येतात. गेटच्या बाहेर उभी राहतात, पेपर सुटेस्तोवर. तू यायचंस. सगळ्या पेपरांना. आणि मी बाहेर आल्यावर विचारायचं, कसा गेला."

"येईन," दादा म्हणाला.

लगेच म्हणाला. ऊन लागेल म्हणाला नाही, गुडघे दुखतात म्हणाला नाही, निदान इंग्रजीच्याच पेपराला येतो असं काहीसुद्धा नाही. पहिल्याच बोलीला हो म्हणणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही. ते निघून गेल्यावर आपण फार कमी मागितलं, असं कित्येक दिवस वाटत राहतं. मला ते अजून वाटतं.